रोज नवी ओसरी : नर्मदा परिक्रमेविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी जवळ आली की या सदराकडे नर्मदा परिक्रमेची पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांत वाटेपेक्षा मुक्कामाची काळजी जास्त दिसते. रात्री कुठं टेकायचं, परक्या दारात उभं राहून काय म्हणायचं, तिथं राहायचं कसं. म्हणून मुक्कामाच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, बाकीची उत्तरं थोडक्यात.

पायी परिक्रमेला किती दिवस लागतात? ओंकारेश्वरहूनच निघावं लागतं का? कधी निघालेलं बरं? (निवृत्त बँक कर्मचारी, वय 61, नाशिक)

नर्मदा अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत 1312 किलोमीटर वाहते. दोन्ही तट मिळून 2624 झाले. धरणांच्या पाण्याला वळसे घालावे लागत असल्यानं प्रत्यक्ष चाल याहून जास्त भरते. रोज 20 किलोमीटर धरले आणि आजारपण, पाऊस, नावेची वाट पाहणं यांचे दिवस मिळवले, तर पाच महिने हाताशी ठेवा. परंपरेनं सांगितलेला काळ 3 वर्षं 3 महिने 13 दिवस आहे. तो चातुर्मासात एका जागी थांबत, सावकाश चालणाऱ्यांचा हिशेब आहे.

सुरुवात काठावरच्या कुठल्याही ठिकाणाहून करता येते. जिथून संकल्प सोडाल तिथंच परिक्रमा पुरी होते. नियम दोनच, पण कडक आहेत : मैया कायम उजव्या हाताला राहिली पाहिजे आणि तिचं पात्र कुठंही ओलांडायचं नाही. तिला मिळणाऱ्या नद्या-ओढे ओलांडायला हरकत नाही. ओंकारेश्वरहून निघणाऱ्यांची एक चूक नेहमी होते. ओंकारेश्वराचं ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे, म्हणजे तिथं जायला पात्र ओलांडावं लागतं. त्यामुळं ते दर्शन संकल्पाच्या आधी उरकून घ्या. नंतर ते थेट परिक्रमा पुरी झाल्यावर, वाटभर बरोबर बाळगलेल्या बाटलीतलं मैयाचं जल वाहायला जाल तेव्हाच होईल. ममलेश्वर दक्षिण तटावर असल्यानं त्याची अडचण नाही.

कार्तिकी एकादशीनंतर लगेच निघा. ओंकारेश्वरहून डिसेंबरअखेर समुद्र गाठता येतो, उत्तर तटावर थंडी मिळते आणि उन्हाळा परतीच्या शेवटच्या टप्प्यापुरता उरतो. जानेवारीत निघालात तर एप्रिल-मेच्या उन्हात चालावं लागेल. तेव्हा सकाळी दहाला चाल थांबवावी लागते आणि दिवसाला बारा किलोमीटरही जड जातात. एकसष्टाव्या वर्षी पहिले आठ दिवस 10 ते 12 किलोमीटरच्या पुढं जाऊ नका. पहिल्याच दिवशी 25 चालणारे तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतात.

मुक्कामाची नोंदणी आधी करावी लागते का? आमचं हिंदी बेताचंच आहे. अनोळखी आश्रमात किंवा घरी रात्र काढायची, तर काय बोलायचं आणि कसं वागायचं? (निवृत्त शिक्षिका, मिरज)

नोंदणी नाही. आश्रम, धर्मशाळा, देवळाचा मंडप, शाळेचा व्हरांडा आणि काही गावांत सरळ कुणाचंही घर, असे मुक्काम होतात. रात्रीचा मुक्काम त्याच दिवशी सकाळी बालभोगाच्या, म्हणजे न्याहारीच्या, वेळी विचारून घ्यायचा. दोन पर्याय विचारा, एक 15 किलोमीटरवरचा आणि एक 22 वरचा. दुपारी पायांचा रंग पाहून ठरवा.

दारात गेल्यावर पहिला शब्द ‘नर्मदे हर’. नाव, गाव, नोकरी हे नंतर. समोरून बहुधा ‘कितनी मूर्ति?’ असा प्रश्न येतो. मूर्ती म्हणजे परिक्रमावासी. तिघं असाल तर ‘तीन मूर्ति’ एवढंच सांगा. आकडा खरा सांगा आणि मागून येणारे असतील तर तेही सांगा, कारण त्या आकड्यावर कणीक मळली जाते. ‘आसन लगाओ’ म्हणजे पथारी टाका. ‘भोजन पाओगे?’ म्हणजे जेवणार का. तिथं प्रसाद खात नाहीत, पावतात. पुरुषांना बाबाजी आणि बायकांना माताराम म्हणतात. तुम्हाला ‘माताराम’ अशी हाक आली तर ती वयावरून नाही, मानानं आहे.

दिवस मावळायच्या आत, शक्यतो चार-साडेचारला पोचा. उशिरा गेलात तरी कुणी हाकलत नाही, पण चूल विझलेली असते आणि घरची बाई पुन्हा उठते. आपण थकून आलो, हे तिचं काम वाढवायचं कारण नाही. गेल्यावर पाणी पिऊन लगेच आडवं होऊ नका. झाडू कुठं आहे ते विचारा आणि ज्या कोपऱ्यात पथारी टाकायची तेवढी ओसरी झाडून घ्या. यानं दोन गोष्टी होतात. विंचू-किडा असेल तर उजेडात दिसतो, आणि घरचे लोक तुम्हाला पाहुणे समजायचं सोडून आपल्यातले समजू लागतात. पाणी कुठून भरायचं, कुठलं प्यायचं आणि कुठलं वापरायचं, शौचाला कुठं जायचं, आरती किती वाजता, हे चार प्रश्न उजेड असतानाच विचारून ठेवा. आरतीला हजर राहा. भांडी राखेनं घासून, पालथी घालून ठेवा.

मैयात अंघोळीला साबण नाही. पाणी भांड्यात घेऊन काठापासून लांब अंगावर ओता. शौचालय नसेल तिथं लहान खुरपं उपयोगी पडतं : पाण्यापासून निदान 60 मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, वर माती.

मुक्काम एका रात्रीचा. ताप आला, पाय सुजला तर सांगून थांबा, कुणी नाही म्हणत नाही. घरात उतरलात तर पैसे पुढं करू नका. ते घेतले जात नाहीत आणि दोन्हीकडं अवघडल्यासारखं होतं. त्याऐवजी गावातल्या दुकानातून दोन किलो पीठ, किलोभर डाळ, तेलाची पिशवी घेऊन या आणि ‘आगे आने वाली मूर्तियों के लिए’ म्हणून द्या. ते आनंदानं घेतात. आश्रमात दानपेटी असते, तिथं यथाशक्ती.

भाषेची फार चिंता करू नका. निमाडात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी ताटात येते, तिचं तिकडचं नाव अमाडी. गुजरातेत उत्तर तटावर गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वतींची, म्हणजे माणगावच्या टेंबे स्वामींची, 1914 सालची समाधी आहे आणि तिथं आवारात मराठी कानावर पडतच असतं. पुढं महेश्वरला अहिल्याबाईंचा घाट लागतो. घरापासून शेकडो कोसांवर चौंडीची लेक भेटते, तेव्हा तिथं एक दिवस जास्त काढावासा वाटला तर काढा.

सदाव्रत म्हणजे काय? गॅसशिवाय कधी स्वयंपाक केलेला नाही. जमेल का? (दोघे मित्र, डोंबिवली)

काही ठिकाणी शिजलेलं जेवण असतं, काही ठिकाणी कोरडा शिधा देतात. त्या शिध्याला सदाव्रत म्हणतात. माणशी साधारण पाव किलो कणीक, मूठभर डाळ, थोडे तांदूळ, मीठ, तिखट, थोडं तेल. चूल आणि मोठी भांडी बहुतेक वेळा मिळतात. जमेल, पण निघण्याआधी मोकळ्या जागेत दोन-तीनदा करून पाहा.

सरपण पाहून घ्या. पऱ्हाटी आणि तुराटी भुरकन पेटते आणि तशीच विझते, ती फक्त पेटवण्यापुरती. वर बाभळीचं किंवा कुठलंही घट्ट लाकूड हवं, त्याचे निखारे टिकतात. तीन दगडांची चूल असेल तर तोंड वाऱ्याकडं ठेवा, पण वारा जोराचा असेल तर आडवं. लाकडं कोंबून भरली की धूर होतो आणि आच लागत नाही. मधून हवा खेळली पाहिजे. पातेल्याला बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा पातळ हात फिरवा, काजळी त्या थरासकट धुऊन निघते. हे विसरलात तर सकाळचा अर्धा तास पातेलं घासण्यात जाईल.

दोन मूर्तींच्या खिचडीला 200 ग्रॅम तांदूळ, 100 ग्रॅम मूगडाळ आणि मापानं चौपट पाणी. उघड्या पातेल्यात अर्धा तास धरा. तूरडाळ मिळाली तर आल्याबरोबर पहिलं काम तिला भिजत घालायचं, निदान तासभर. डाळ शिजत नाही याची कारणं दोन : हापशाचं पाणी जड असतं, किंवा टोमॅटो-चिंच आधीच पडलेली असते. आंबट शेवटी घाला आणि मिळालं तर नदीचं, गाळून उकळलेलं पाणी वापरा.

टिक्कड म्हणजे जाड रोटी. अर्धा किलो कणकेत सहा होतात. कणीक घट्ट मळा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, हातानंच बोटाच्या पेराएवढ्या जाडीला थापा. तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा आणि मग ज्वाळेवर न धरता निखाऱ्यांच्या कडेला उभं लावून फिरवत राहा. टिक्कड बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं ते ज्वाळेमुळंच. बोटानं मधोमध टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. कच्चं टिक्कड खाऊन चालणाऱ्याचा दुसरा दिवस पोट धरून जातो.

पोट बिघडलंच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

पाठीवर किती वजन असावं? (नोकरदार, नागपूर)

पाण्यासकट सात किलो. सॅक 1.2, पथारी आणि पांघरूण 1.8, कपडे 1.2, ताट-वाटी-पातेलं 0.7, पाणी 1, औषधं 0.4, बॅटरी-चार्जर-पॉवर बँक 0.5, उरलेल्या 200 ग्रॅममध्ये मैयाच्या जलाची बाटली, दोर, सुई-दोरा, ओळखपत्राच्या दोन प्रती आणि शिक्क्यांची वही. आश्रमाआश्रमांतून त्या वहीवर शिक्का घेत चला.

जलाची बाटली लहान, आट्यांच्या घट्ट झाकणाची आणि न फुटणारी घ्या. पाणी भरून रात्रभर कागदावर आडवी ठेवून पाहा. पाझरणारी बाटली निघाल्यावर लक्षात येते आणि मग मन खट्टू होतं. ती रोज पूजेला बाहेर काढायची असते, म्हणून सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात कापडात गुंडाळून ठेवा.

जास्तीच्या कपड्यांचा मोह नको. दोन जोड आणि एक पंचा पुरे. निघून आठ दिवसांनी सॅक उलटी करा आणि ज्याला एकदाही हात लागला नाही, औषधं सोडून, ते पोस्टानं घरी पाठवा.

जुन्या पुस्तकातल्या नकाशावरून जावं का? वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे डोंगरातल्या जंगलात, लूट होते, असं ऐकलं आहे. (वाचक, जळगाव)

जुना नकाशा श्रद्धेनं जपा, वाट त्यावरून काढू नका. त्यातली बरीच वाट आज पाण्याखाली आहे. इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात 2004 मध्ये हरसूद शहर गेलं. सरदार सरोवर 2019 च्या सप्टेंबरात पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं आणि बडवानीजवळचा राजघाट बुडाला. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही बुडालं, नवं गोरा गावी आहे. त्यामुळं वाट रोज गावकऱ्यांना विचारायची. ‘परिक्रमा मार्ग’ अशा खुणा दगडांवर, झाडांवर रंगवलेल्या असतात, पण फाट्यावर शंका आली तर माणूस भेटेपर्यंत थांबा.

झाडीतली लूट जुन्या वर्णनांत भरपूर आहे. आज त्या डोंगरांतल्या पाड्यांवर परिक्रमावासी रात्री निर्धास्त झोपतात, आणि ज्या घरात स्वतःपुरतंच धान्य असतं तिथं तुमच्या ताटात आधी वाढलं जातं. ही घरं धरणानं ज्यांची शेतं आणि गावं नेली त्यांची आहेत, एवढं ध्यानात ठेवून तिथं बोला. महाराष्ट्राला नर्मदेचा जो थोडा काठ लाभला तो इथंच आहे, नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत. मुलांना रस्त्यात उभं करून गोळ्या-बिस्किटं वाटू नका. त्यानं मुलं शाळा सोडून वाटेवर हात पसरून बसायला शिकतात. द्यायचं ते घरातल्या मोठ्यांच्या हाती द्या.

खरी अडचण चढ-उताराची आहे. सुट्या दगडांवरून उतरताना घोटा मुरगळतो, म्हणून काठी हवी आणि बूट घोट्याला धरणारे हवेत. दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. दोन लिटर पाणी, पाव किलो सातूचं पीठ किंवा शेंगदाणे-गूळ बरोबर ठेवा आणि उजाडताच निघा. गुडघे साथ देत नसतील तर खेतिया, शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा असा सडकेचा मार्ग आहे. लांब पडतो आणि मैया दिसत नाही, पण परिक्रमा मोडत नाही. तापीकाठचं प्रकाशाही मग वाटेत येतं.

धरणांची आणखी एक गोष्ट. धरणाच्या खालच्या अंगाला पाणी ऊन पडलेलं, स्वच्छ आणि पोटरीएवढं दिसत असलं तरी मध्ये जाऊ नका. पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. 2005 च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावास्येच्या स्नानाला जमलेले अनेक यात्रेकरू असेच वाहून गेले. भोंगा ऐकू आला की कपडे, सॅक काहीही न आवरता वर या. पथारीही पाण्याच्या रेषेजवळच्या वाळूत टाकू नका.

समुद्र ओलांडताना भीती वाटते. नाव किती वेळ चालते? (गृहिणी, रत्नागिरी)

पात्र ओलांडायचं नसल्यानं नदीच्या मुखाशी तट बदलायचा तो समुद्रातून, नावेनं : दक्षिण तटावर विमलेश्वरच्या बाजूनं निघून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरतात. सगळं भरतीवर ठरतं. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड आहे, ओहोटीला नुसता चिखल उरतो आणि नाव रुतते. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढं सरकते, त्यामुळं आज पहाटे सुटणारी नाव आठवड्यानं भलत्याच वेळी सुटेल. कोकणातल्यांना हे समजावून सांगायला नको. पोचल्याबरोबर नाव नोंदवा आणि एक-दोन दिवस थांबायची तयारी ठेवा. प्रवास तीन-चार तासांचा. आधी अर्धा-पाऊण तास उलटीची गोळी, पोटाला हलकं काहीतरी, सॅक मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. चढता-उतरताना चिखल असतो, बूट गळ्यात अडकवा. जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि ते नसेल तर त्या नावेत बसू नका. इथं बाटलीतलं थोडं जल सागराला वाहून त्याचं पाणी मिसळून घेतात, तेव्हा बाटली हाताशी हवी.

पायाला फोड येऊ नयेत म्हणून काय करावं? मला मधुमेह आहे. (व्यापारी, सोलापूर)

ओल आणि घासणं, दोन्ही जमले की फोड येतो. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्या, कारण दिवसभर चालून पाऊल सुजतं. निघण्याआधी त्याच बुटांत निदान 100 किलोमीटर चाला. आत पातळ मोजा, वर जाड, म्हणजे घासणं मोज्या-मोज्यांत होतं, कातडीवर नाही. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय वाळवा. नखं सरळ कापा, कोपरे गोल करू नका. रात्री खोबरेल चोळलंत तर सकाळी पुसून काढा. तेलकट पाऊल बुटात सरकतं.

जळजळ सुरू झाली की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणाल तर पुढच्या गावात फोड असेल. लहान फोड फोडू नका. सुईनं दोरा ओवून आत ठेवायचा जुना उपाय करू नका, त्यातून पू होतो.

तुमच्यासाठी नियम वेगळे आहेत. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होते, खडा टोचलेला कळत नाही. अनवाणी एक पाऊलही नको, घाटावरसुद्धा. लहान आरसा बरोबर ठेवा आणि रोज संध्याकाळी दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या पाहा. फोड आला तर स्वतः फोडायचा नाही, दवाखाना गाठायचा. जेवणाच्या वेळा तुमच्या हातात नसतील, म्हणून गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून आधी बदलून घ्या आणि खिशात साखर ठेवा.

पाच महिने रजा मिळणं शक्य नाही. (शिक्षक, बीड)

खंड परिक्रमा करा. दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुकड्यातुकड्यानं, जिथं थांबलात तिथूनच पुढं. थांबण्यासाठी बस किंवा रेल्वे असलेलं गाव निवडा. त्याहून कमी वेळ असेल तर चैत्रात गुजरातेत तिलकवाडा-रामपुरा भागात उत्तरवाहिनी परिक्रमा असते. साधारण 21 किलोमीटर, एका दिवसाची. तिच्यात पात्र ओलांडावंच लागतं, तिचा तसाच प्रघात आहे.

परिक्रमा करून महिना झाला. घरी गादीवर झोप लागत नाही, पहाटे चारला जाग येते, आणि ज्यांच्या घरी राहिलो त्यांची आठवण सतत येते. (वाचक, पुणे)

गादी सध्या गुंडाळून ठेवा आणि सतरंजीवर झोपा. रोज वीस किलोमीटर चाललेलं शरीर एकदम बसवू नका. सात-आठ किलोमीटर चाला, पण जेवण निम्म्यावर आणा. भूक चालणाऱ्याची उरलेली असते आणि वजन पहिल्या दोन महिन्यांत चढतं.

आठवण येते त्यांना फोटो पाठवा, मोबाइलवर नाही, कागदावर छापून. पाड्यावरच्या घरांत आजीचा, नातवंडांचा छापील फोटो क्वचित असतो आणि तो भिंतीवर लागतो. पाकिटात मागं-पुढं पुठ्ठा घाला. पत्ता असा लिहा : घरातल्या मोठ्या माणसाचं नाव आणि त्याच्या वडिलांचं नाव, फळिया किंवा पाडा, गाव, पोस्ट, तहसील, जिल्हा, पिन. एका गावात एकाच नावाचे चार जण असतात, म्हणून वडिलांचं नाव गाळू नका. गाव आणि पोस्ट बऱ्याचदा वेगळी असतात. वहीत लिहून आणलं नसेल तर शिक्क्यावर जवळच्या आश्रमाचा पत्ता सापडेल, त्यांच्या नावे पाठवा आणि आत चिठ्ठीत घराची खूण लिहा : पिंपळाच्या पुढचं घर, दारात तुराट्यांची गंजी.